आत्याने सारवलेली शेगडी

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं, ते मला माहीत आहे. माझंही लिहिणं सातवीपर्यंतचं. तरी कागद घेऊन बसले, कारण दुसरा मार्ग राहिला नाही.

झालं असं, की परवा मी सवयीने तुझ्या फोनवर आवाज पाठवला. "आत्या, शेगडी बाहेर काढलीय. तिच्यावरची माती भिजवून काढू का कोरडीच खरवडू?" एवढं बोलून बटण सोडलं आणि भाजी चिरायला लागले. थोड्या वेळाने फोन वाजला. वर तुझं नाव, तुझा तो हिरव्या लुगड्यातला फोटो. मी सुरी ठेवून फोन उचलला. पलीकडून भाऊजी बोलले, "वहिनी, बऱ्या आहात ना? आईचा फोन आता माझ्याकडं असतो." मी म्हटलं, बरी आहे, चुकून पाठवला. ते म्हणाले, "असू दे. मी पण तिचे जुने आवाज ऐकतो कधीकधी." मग फोन ठेवला.

म्हणून आता कागद. कागदावर लिहिलं की उलटून कोणी फोन करत नाही.

इथं थंडी सुरू झाली. सौदीतल्या या हाइलची थंडी तुला काय सांगायची? सकाळी अंगणातल्या नळाला पाणी येत नाही, आतल्या आत गोठलेलं असतं. ठकी आता धरून उभी राहते. कागदावर तिचं नाव अन्वी आहे, पण तू ठकी म्हणालीस आणि तेच चिकटलं. तिचे पाय गार पडतात. मोजे घातले की ओढून काढते. तुझ्यासारखंच, पायात काही नको. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तुझ्या लेकाने, विजेचा हीटर आणला, तर तो लावला की फ्यूज उडतो आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्या अंधारात. शेतावरच्या पंपाचा माणूस येऊन सांगून गेला, "भाभी, ये नहीं चलेगा, यहाँ लाइन कमजोर है." मग उरली तुझी शेगडी.

आणि मला तिची भीती वाटते, आत्या. एक तर ठकी जे दिसेल ते धरून उभी राहते. दुसरं, इथं दर थंडीत कोणी ना कोणी सांगतं, की अमक्या गावात बंद खोलीत निखारे ठेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. आणि तिसरं म्हणजे तू. तू इथून गेलीस ती खोकत गेलीस.

ती शेगडी आली तो दिवस तुला आठवतो का? मला सातवा सरून आठवा लागला होता आणि तू बाळंतपणाला व्हिजिट व्हिसावर येऊन थोडेच दिवस झाले होते. कफीलच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, जुन्या घरात ती पडून होती. त्याचे म्हातारे वडील तुझ्या लेकाला म्हणाले, घरात बाळ येणार आहे ना, घेऊन जा. तुझ्या लेकाने आणि शेतावरच्या दोघांनी ती पिकअपमधून उतरवली. तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस.

"ही चूल हाय?"

"हो आई, लाकडाची."

"मला वाटलं तिजोरी आणली."

दिसायची मात्र छान. दुधी रंग, चार पाय, पुढे दार, वर दोन झाकणं, मागे भिंतीतून बाहेर जाणारा पाइप. लोखंडावर चिनी मातीसारखा गुळगुळीत मुलामा. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या जुन्या पांढऱ्या ताटल्यांवर असायचा ना, तसाच. दारावर एक निळं फूल. कडा घासलेल्या होत्या, एक पाय गंजला होता, पण बाकी चकचकीत.

तू म्हणालीस, नवी चूल आहे, दूध उतू घालवल्याशिवाय हिच्यावर काही चढवायचं नाही. तुझा लेक म्हणाला, "आई, ही जुनी आहे. हिच्यावर त्यांचं कितीतरी दूध उतू गेलं असेल."

"त्यांचं त्यांचं. आपलं आपलं."

मग तू शेगडी चांगली तापवलीस, हळदकुंकू वाहिलंस आणि छोटं पातेलं काठोकाठ भरून ठेवलंस. दूध उतू गेलं. तू हात जोडलेस. तेवढ्यात जळका वास सुटला. वर दूध करपून चिकटेल म्हणून तू तांब्यातलं गार पाणी त्या तापलेल्या पत्र्यावर ओतलंस. टक् झालं. मग टक टक टक. मुलाम्याच्या टिकल्या उडाल्या, एक तर भिंतीवर जाऊन आपटली. वाफ गेल्यावर बघतो तर वरच्या बाजूला काळे चट्टे आणि बारीक बारीक तडे पार दारापर्यंत.

तू पदर तोंडाला लावलास. "दुसऱ्याची वस्तू," म्हणालीस. "दुसऱ्याची वस्तू गं." तुझा लेक तुला सांगत राहिला की त्यांनी ती देऊन टाकलीय, परत मागायची नाही. तुला ते काही पटलं नाही. त्या दिवशी तू नीट जेवली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तू घमेल्यात माती कालवत होतीस.

"शेण कुठं मिळंल?"

तुझा लेक म्हणाला, "इथं गाई नाहीत. मेंढ्या आहेत. उंट आहेत."

"उंटाचं?" असं म्हणून तू विचार करत बसलीस. खरंच विचार केलास हं तू. मग म्हणालीस, "नगं. देवाला काय वाटंल."

शेवटी गव्हाच्या रानातली माती, भुसा आणि राख. त्याचा गारा करून तू ती अख्खी शेगडी सारवलीस, पायांपर्यंत. चार बोटं अशी गोल फिरवत, गावाकडच्या चुलीला फिरवायचीस तशी. दारावरचं फूल तेवढं ठेवलंस. मी म्हटलं, आत्या, लोखंडाला कोणी सारवतं का? तू म्हणालीस, "भेगा दिसल्या की मला घास जात न्हाय." तुझा लेक कामावरून आला, बघून हसला आणि म्हणाला, "आता झाली आपली."

रोज माती तापून तडकायची आणि रोज सकाळी तू तिच्यावरून ओला हात फिरवायचीस. मला हात लावू द्यायची नाहीस. "दोन जीवांची हायेस, तिकडं बस." नंतर ठकी झाली तेव्हाही तेच. तिची आंघोळ, माझा शेक, ओव्याची धुरी, सगळं तुझ्या हाताने. मी खाटेवर आणि तू शेगडीपुढे पाट टाकून. म्हणून मला ती कशी पेटते, कशी विझते, काही शिकताच आलं नाही. एवढा एक राग आहे माझा तुझ्यावर. शिकवून जायचं होतंस.

धूर व्हायचा. शेगडीचं दार लावलं की ती विझायची. म्हणून तू दार किलकिलं ठेवायचीस, आणि त्या फटीतून धूर खोलीत. आम्ही म्हणायचो, जुनी आहे, ओढत नाही. तुझा लेक म्हणायचा, पाइप बदलायला पाहिजे. पण तेव्हा रानात पाणी फिरवणारं ते मोठं यंत्र सारखं बंद पडत होतं, त्याला रात्रपाळ्या लागलेल्या. पाइप राहिला तो राहिला. तू खोकायचीस आणि म्हणायचीस, "मला सवय हाय. पोरीचं तोंड तिकडं कर." मी ठकीला घेऊन खोलीच्या दाराशी बसायचे. तू मात्र शेगडीपुढेच.

थंडी सरता सरता तुझा व्हिसा संपला. श्रावणात भाऊजींचा फोन आला. दवाखान्यात नेलं, छाती भरली होती, म्हणाले. ठकीचे पासपोर्टचे कागद झाले नव्हते. तिला घेऊन निघता येईना, टाकून जाता येईना. तुझा लेक एकटा आला. मी व्हिडिओवर बघितलं तुला. भाऊजींनी फोन धरला होता, त्यांचा हात हलत होता, मला तुझे पाय आणि फुलंच जास्त दिसली.

असो. शेगडीचं सांगते.

तुझ्या लेकाने ती व्हरांड्यात काढून ठेवली आणि म्हणाला, "घासून रंगव. मी नवा पाइप आणतो. भोवती पिंजरा पण करतो, ठकीचा हात लागायला नको." मग गेला कामावर. मी शेगडीपुढे बसले. तुझी माती वाळून दगड झालेली. वरून टिचकी मारली तर तुकडे पडले. खाली मुलामा धुरकट, कुठे पिवळा, कुठे गेलेलाच, तिथं गंज.

मी आपली चिंच आणि राख घेऊन, तारेच्या घासणीने घासायला लागले. पितळेला करतो तसं. दोन हात मारले आणि शेजारच्या खोलीतून उम्म खालिद धावत आली. ती तू गेल्यावर इथं राहायला आली. सीरियाची आहे, नवरा इथल्या मेंढ्या बघतो. ती अरबी बोलते, मी हिंदी, बाकीचं हातांनी. तिने माझ्या हातातली घासणी काढून घेतली आणि मी घासलेल्या जागेवर माझं बोट फिरवून दाखवलं. खरखरीत झालं होतं. चकाकी गेली. तिच्या गावाकडे घराघरात अशा शेगड्या असतात, हे मला मग कळलं. तिने खायचा सोडा आणला, पाण्यात कालवला, मुलाम्यावर लेप दिला आणि मऊ फडक्याने पुसून दाखवलं. तुझं करपलेलं दूध त्याने सुटलं, आत्या. एक वर्षाचं दूध.

एकदा मुलामा उडाला की तो घरी परत बसत नाही, हेही तिनेच सांगितलं. तो भट्टीत भाजून चढवतात म्हणे. आपण फक्त गंज काढायचा आणि उघड्या लोखंडावर आगीला टिकणारा रंग लावायचा. तुझ्या लेकाने आधी ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग काढला होता. "हा लाव, मस्त चमकेल." उम्म खालिदने नाक धरलं आणि मरून पडल्याचं सोंग केलं. मग तो बाजारातून दुसरा डबा घेऊन आला, काळा, वर ज्वाळेचं चित्र.

माती काढता काढता मी शेवटी दाराच्या खाली आले. तिथं तू थर जाड दिला होतास. बोटांचे गोल वळसे अजून तसेच होते. मला ते काढवेनात. मग पेचकसाने हळूच उचकटलं. माती निघाली आणि आत बोटभर लांब चीर, तिच्यात ठासून भरलेला गारा.

मला वाटलं, इथंही तडा गेलाय. मी उम्म खालिदला खुणेने विचारलं, ही बुजवू का? ती हसली. आपल्या नाकासमोर हात नेला, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "हवा, हवा." हा शब्द त्यांच्यातही तोच आहे. मग तिने फुंकर मारून दाखवलं. इथून हवा आत जाते, आग पेटते, धूर वर पाइपातून जातो. हे बंद केलं तर आग गुदमरते.

ती हसत होती आणि मी हातातला पेचकस खाली ठेवला.

दार लावलं की विझायची ती यासाठी होय? म्हणजे पाइप नव्हता? जुनेपणा नव्हता? तुला ती चीर भेग वाटली. तुझ्या जागी मी असते तरी भेगच वाटली असती. आणि मग अख्खी थंडी आपण दार उघडं ठेवून बसलो. तू, ओली बाळंतीण मी आणि माझ्या कुशीतली ठकी.

मी ठकीला उचललं आणि तिच्या छातीला कान लावून बसले. काय ऐकायचं ते मला कुठं कळतं? नुसती बसले.

त्याच आठवड्यात तिला टोचायला दवाखान्यात न्यायचं होतं. तिथं एक सिस्टर आहेत, नाशिककडच्या. मराठी ऐकलं की थांबून बोलतात. मी विचारलं, "सिस्टर, एका हिवाळ्याच्या धुराने माणूस जातं का?"

त्या म्हणाल्या, "कोणाचं विचारतेस? हिचं?"

"हिचंही. आणि हिच्या आजीचं."

त्यांनी आधी ठकीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, ठकीने त्यांची ती कानातली नळी ओढली. छाती स्वच्छ आहे म्हणाले. मग बाहेर बाकावर बसून सिस्टरांनी विचारलं, "आजी गावाकडे कशावर स्वयंपाक करायच्या?"

"चुलीवरच. जन्मभर."

"मग तुझ्या त्या हिवाळ्याने किती केलं आणि चुलीने किती, हे मला नाही सांगता यायचं. कोणालाच नाही सांगता यायचं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू का?"

मी नको म्हटलं.

"धूर वाईटच. पण तो आता नाहीये ना? शेगडी नीट कर. दार लावून पेटव, खिडकी चार बोटं उघडी ठेव, आणि झोपायच्या आधी पूर्ण विझव. निखारासुद्धा ठेवायचा नाही. कळलं? नाहीतर माझ्या घरी ये राहायला, माझ्याकडे हीटर चालतो."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण त्यांनी खोटं सांगितलं नाही हे बरं केलं.

राहिला प्रश्न तुझ्या लेकाला सांगायचं का हा. तू गेल्यापासून तो म्हणतो, मी पाइप बदलला असता तर. जेवताना म्हणतो, गाडी चालवताना म्हणतो. यंदा नवा पाइप आणला तर तो नुसता हातात धरून उभा राहिला. आता त्याला सांगावं की दोष पाइपाचा नव्हता, तर दुसऱ्या तोंडाने सांगावं लागणार की तुझ्या आईने आपल्या हाताने ती चीर लिंपली. यातलं हलकं कोणतं, मला कळेना. तुलाच विचारायचं होतं. तूच नाहीस.

शुक्रवारी त्याला सुट्टी. चहा पिताना मी त्याला शेगडीजवळ बोलावलं, चीर दाखवली, काढलेल्या मातीचा तुकडा हातावर ठेवला. त्याच्यावर तुझी बोटं होती. मी म्हटलं, "ही हवेची वाट होती. आत्याने बुजवली होती. तुमच्या पाइपाचं काही नव्हतं."

तो तुकडा उलटा सुलटा करून बघत राहिला. मला वाटलं आता भिंतीवर डोकं आपटतो की काय. आणि तो हसायला लागला, आत्या.

"आईने घरची मोरी पण अशीच बुजवली होती," म्हणाला. "उंदीर येतात म्हणून. पाणी जायचं भोकच लिंपून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला बसले आणि पाणी देवघरात. बाबा ओरडताहेत आणि आई म्हणतेय, उंदीर तर आला न्हाय न्हवं?"

मी पण हसले. तू तसंच म्हणाली असशील. हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

हसता हसता तो उठला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन रानाकडे तोंड करून उभा राहिला. मी गेले नाही मागे. ठकी गेली, भिंत धरून धरून, आणि त्याच्या पायाला मिठी मारून उभी राहिली. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "यल्ला, चल," म्हणाला, "रंगवून टाकू."

मग दोघांनी मिळून केलं. त्याने खरखरीत कागदाने गंज घासला, मी पुसलं, त्याने रंग मारला. दारातला जुना दोर जळून गेला होता, त्याजागी आगीत न जळणारा नवा दोर बसवला, म्हणजे दार गच्च लागतं. वरचे सगळे चट्टे आता काळे आणि मधे मधे दुधी. बांडी गाय दिसते अगदी. मी घासणीने खरवडलेली जागा तेवढी फिकट राहिली. निळं फूल सोड्याने पुसलं तर त्याच्या मधे पिवळा ठिपका निघाला. तो आपण कधी बघितलाच नव्हता.

मागच्या बाजूला, खाली, एक वीतभर माती मी तशीच ठेवली. तिथं कुठलं भोक नाही, चीर नाही, मी दोनदा बघितलं. उम्म खालिदने बोट दाखवून विचारलं, हे का ठेवलं? मी म्हटलं, अम्मा. तिने त्या मातीवरून हात फिरवला. तिचीही कुठे लांब असणार.

रंग आधी बाहेरच भाजायला लागतो. व्हरांड्यात लहान लहान जाळ केले, विझवले, परत केले. भयंकर वास. ठकीला उम्म खालिदकडे ठेवलं होतं.

आणि काल शेगडी आत आणली. तुझ्या लेकाने शेतावरचे जुने पाइप जोडून भोवती पिंजरा केलाय, ठकीच्या उंचीपेक्षा वरपर्यंत. नवा पाइप बसवला. खिडकी चार बोटं उघडी. सांजेची अजान होत होती. मी आधी गुडघ्यावर बसून त्या चिरेत बोट घातलं. मोकळी होती. मग काटक्या रचल्या, काडी ओढली. ती विझली. तुझा लेक म्हणाला, "मी लावू?" मी म्हटलं, नको. मला यायला पाहिजे. तुम्ही रात्रपाळीला गेलात की कोण लावणार?

जाळ धरला. मग मी दार लावलं.

आत्या, विझली नाही.

दाराला काच नाही, त्यामुळे आत दिसत नाही, पण घुर्र असा आवाज येत होता, ओढत होती. मी खोलीभर नाक फिरवलं. कुठे धूर नाही. बाहेर जाऊन बघितलं तर पाइपातून सरळ वर जात होता. ठकी तुझ्या लेकाच्या मांडीवर बसून पिंजऱ्याकडे बघत होती. तिने दोन्ही मोजे काढून फेकले होते. मी तिचे पाय धरून बघितले. गरम.

दूध उतू घालवलं. तुझ्या लेकाने कपाळाला हात लावला, "परत?" मी म्हटलं, त्यांचं त्यांचं, आपलं आपलं. पण यंदा पातेलं परातीत ठेवून चढवलं. दूध उतू गेलं ते परातीत गेलं, शेगडीला थेंब लागला नाही. गार पाणी तर जवळपाससुद्धा ठेवलं नव्हतं. देवाला चालतं का परातीत, तुला विचारायचं राहिलं. चालत असेल. नाहीतर तू तिकडे आहेस, तूच सांग त्याला, म्हणावं पोरीला दुसरं सुचलं नाही.

भीती गेली असं नाही. झोपायच्या आधी निखारे घमेल्यात काढून बाहेर नेले आणि तिथं पाणी शिंपडून विझवले. तरी आत येऊन परत बघितलं. आजही बघीन. भीती राहू दे, ती बरी आहे.

तुला एवढा शब्द देते. दर थंडीत, दर वेळी पेटवायच्या आधी, मी त्या चिरेत बोट घालून बघीन. घाई असली तरी, ठकी रडत असली तरी. आणि ठकी मोठी झाली, काडी ओढायला शिकली, की तिला तिकडं बस म्हणणार नाही. तिला शेगडीपुढे माझ्याजवळ बसवीन, तिचं बोट धरून त्या चिरेत घालीन आणि सांगीन, आधी हे बघायचं. आणि तुझी मोरीची गोष्ट पण सांगीन.

तुझीच,
आधी भाची आणि मग सून,
पूजा